सात मोजेपर्यंत

दवाखान्यातला माणूस औषध स्वतः चाखून बघतो हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला रागच आला होता. मी नुकतीच नर्स म्हणून नोकरीला लागले होते. प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं डोक्यात ताजं होतं. आणि समोर एक पंचेचाळिशीचा माणूस हिवतापावरच्या क्लोरोक्विनची चिमूटभर पूड जिभेवर ठेवून, डोळे मिटून उभा. ओठ हलत होते. मला वाटलं काही जप चाललाय.

"हे काय करताय?" मी विचारलं.

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग खिडकीतून बाहेर थुंकले, अर्ध्या कप पाण्यात चूळ भरली आणि म्हणाले, "दोन. नुसती पूड दोनला येती, सिस्टर. गुळाच्या पाण्यात चारला."

"काय चारला?"

"कडू. एक, दोन असं मोजायचं. जिभेवर ठिवल्यावर कितीला कडू लागतं ते बगायचं. लेकराला गिळायला सात लागतात. सात मोजेपर्यंत कडू यायला न्हाई पायजे, मंग जमलं."

ही आमची पहिली भेट. माणसाचं नाव निवृत्ती गायकवाड. जळकोटच्या पुढे आमचं आरोग्य केंद्र होतं. गावाचं नाव सांगत नाही. गाव अजून तिथंच आहे आणि त्यातली माणसंही.

लोक त्यांना कंपाउंडर म्हणायचे. ते त्यांना आवडत नसे. औरंगाबादला राहून, शिकून आलेले होते. औषधाच्या खिडकीवर त्यांनी स्वतः निळ्या रंगाने पाटी रंगवली होती: 'औषधनिर्माता'. पेशंटने "ओ कंपाउंडर" म्हणून हाक मारली की ते बोटाने वर दाखवायचे. पेशंटला वाचता येत नसे. मग तेच वाचून दाखवायचे आणि अर्थही सांगायचे, "निर्माता म्हंजे करणारा." रांगेत वीस माणसं उभी असताना हा पाठ चालायचा आणि माझा जीव वर-खाली व्हायचा.

गाव त्यांना आल्याआल्याच विचारून मोकळं झालं होतं, "कुठले गायकवाड?" आमच्याकडे गायकवाड मराठ्यांतही असतात, त्यामुळे आडनावावर लोकांचं समाधान होत नाही. पहिल्यांदा ते म्हणाले, "दवाखान्यातले." विचारणाऱ्याने पुन्हा विचारलं, "तसं न्हाई, मूळचे कुठले?" तेव्हा म्हणाले, "भीमनगरचे." त्यानंतर गावाने काहीच विचारलं नाही. फक्त त्यांच्या खिडकीतून गोळ्या घेताना लोक हात पुढे करेनासे झाले. गोळी कागदाच्या पुडीत बांधायची, पुडी फळीवर ठेवायची, त्यांनी हात मागे घ्यायचा, मग पेशंटने उचलायची. मी रुजू झाले तोवर हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की मला वाटलं, दवाखान्याचा नियमच असेल.

ते दिवस दुष्काळाचे. दुष्काळात डास कुठून आले, असं शहरातली माणसं विचारतात. टँकर चार दिवसांनी यायचा. आला की बायका घरातलं जे सापडेल त्यात पाणी भरून ठेवायच्या. रांजण, पिंप, कढई, जनावरांचं टोपलं डांबर लावून. झाकायला कुणाकडे काय होतं? डास तिथंच वाढायचे. वाळलेल्या नाल्याच्या गावात हिवतापाची लेकरं रोज यायची.

लेकरांसाठी बाटलीतलं गोड औषध वरून यायला हवं होतं. पण लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. जुनं ऑफिस म्हणे, तुम्ही आता आमच्यात नाही. नवं म्हणे, आम्ही अजून बसायला खुर्च्या शोधतोय. दोघांचंही बरोबर होतं. बाटल्या मात्र येत नव्हत्या. मोठ्यांच्या गोळ्या होत्या, भरपूर. त्या ब्लेडने कापायच्या, पाव किंवा अर्धी, कुटायच्या आणि लेकराच्या तोंडात घालायच्या. लेकरू थुंकायचं. आई त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची. दुसऱ्यांदा घालायला जावं तर ओकायचं. ज्याने क्लोरोक्विन कधी चघळलं नसेल त्याला त्यातला कडूपणा सांगून कळणार नाही. कारलं त्यापुढे फळ वाटतं.

गायकवाडांनी हे मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे माझ्या डोक्याला ताप झाला. दुपारी रांग संपली की ते खलबत्ता घेऊन बसायचे. गुळाचं पाणी झालं, चिंचेचा कोळ झाला, ताक झालं, केळं झालं. प्रत्येकाची चव घ्यायची आणि मोजायचं. मला हातात इंजेक्शनच्या सुया उकळायला घेऊन त्यांचा आकडा ऐकावा लागायचा.

"चिंच पाचला, सिस्टर! पन दात आंबतेत."

"गायकवाड काका, लसीकरणाची यादी करायचीय."

"करू की. यादी कुठं पळती?"

चुळा भरायला ते एका दिवसात तांब्याभर पाणी संपवायचे. आमचा शिपाई वैतागायचा. दवाखान्याचं पाणी टँकरचं नव्हतं, पारूआजीच्या विहिरीचं होतं. गावात पाणी राहिलेली ती एकच विहीर. पारूआजी म्हणजे मोठ्या शेतकऱ्याच्या घरची म्हातारी, घरात आणि थोडीफार गावातही तिचा शब्द चालायचा. रोज सकाळी शिपाई तिच्या विहिरीवरून दोन घागरी आणायचा. गायकवाडांनी त्या विहिरीवर जायचं नाही, हेही कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. ते आपले जात नसत.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. तळहातावर हरभऱ्याएवढी तपकिरी गोळी. "चाखा."

"मी नाही चाखणार."

"अहो सिस्टर, मी काय इख देऊन राहिलो का?"

मी वैतागून तोंडात टाकली आणि मनात मोजू लागले. भाजलेल्या शेंगदाण्याची चव आली, मग गूळ, मागे जरासं मीठ. पाच, सहा, सात. मी गिळली. आठला कुठंतरी घशाशी कडू आलं, पण तोवर ते गेलं होतं.

"शेंगदाण्याचं तेल सुटेपर्यंत कुटायचं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. "मी येडा गूळच वाढवत बसलो. गूळ आधी येतो, कडू मागून येतं. मागून येनाऱ्याला अडवायला तेल पायजे. अन् मीठ. मिठाशिवाय जमत न्हाई."

"मग झालं तर. उद्यापासून पुड्या बांधा, आया घरी नेतील."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "न्हाई. घरी न्हाई द्यायचं. गोड केलं की कुलूप लावायचं. लेकरानं खाऊ समजून डबा उघडून चार खाल्ले तर? हे औषध चारात लेकरू मारतं. इथं यायचं, माझ्यासमोर खायचं, अर्धा तास बसायचं. ओकलं तर पुन्हा."

हे बरोबर होतं. मला चीड आली ती त्यांच्या पुढच्या वाक्याची, कारण औषध भरवणं माझं काम होतं. खलबत्ता पुसता पुसता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "अन् पयली गोळी मी देनार. माझ्या हातानं."

पहिली आली पारूआजी. तिची नात गोदी, तीन वर्षांची, दोन दिवस तापाने फणफणलेली. आदल्या दिवशी कुटलेली गोळी तिने तीनदा थुंकली होती. गायकवाड खिडकी सोडून बाहेर आले. असे ते कधी यायचे नाहीत. बाजारच्या दिवसाचा पांढरा शर्ट घातला होता. बशीत ती गोळी.

"आजी, आज पोरगी रडायची न्हाई. आ करा म्हनावं तिला."

म्हातारीने बशीत बघितलं. "हे काय हाय?"

"तेच औषध. शेंगदाना अन् गुळात केलंय."

"कुनी केलं?"

"मीच की."

तिने पोरीला पदराखाली ओढलं. रागाने नाही. घरात चुलीवरचं दूध उतू जाताना जसं आपोआप हात पुढे जातो, तसं. "गोळी दे बाबा कागदात. ती चालती आमाला. हे न्हाई."

"आजी, तीच गोळी हाय ह्यात."

"गोळी औषध हाय. हे खायाचं झालं. त्यात पानी घातलंस का न्हाई?"

"दोन थेंब."

"मंग?"

मी तिथंच उभी होते. मला वाटलं आता हा माणूस चिडेल. ते हसले. "आजी, पानी तुमच्याच हिरीचं. गूळ तुमच्याच पुतन्याच्या दुकानचा. शेंगा तुमच्याच रानच्या, परवा तुमच्या सालगड्याकडून आनल्या. गोळी सरकारची. माझं काय हाय ह्यात? निस्तं कुटनं तेवढं माझं."

रांगेतल्या दोन बायका हसल्या. म्हातारीलाही हसू येत होतं असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "बोलाया लई हुशार हायस तू. कागदात दे."

कडू होतं तोवर ते औषध होतं, कुणाच्याही हातचं चालत होतं. गोड झालं तसं ते अन्न झालं. आणि अन्न म्हटलं की हात कुणाचा, हा प्रश्न आलाच. इतक्या दुपारी कुटत बसलेल्या त्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी मराठ्याच्या घरची, मला तर यायला हवं होतं.

त्यांनी गोळी कापली, कुटली, पुडीत बांधली, फळीवर ठेवली आणि हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारूआजीचा मुलगा गोदीला खांद्यावर टाकून पळत आला. घरी दुधात घालून दिलेलं औषध तिने ओकून टाकलं होतं, दोन्ही वेळा. पोरगी तापाने भाजत होती आणि डोळे फिरवत होती. डॉक्टरांकडे दोन केंद्रं होती, त्या दिवशी ते दुसरीकडे होते. उदगीरला न्यायला गाडी नव्हती, एसटी तासाभराने. मी तिला ओल्या फडक्याने पुसत होते. झटका ओसरला, पोरीने डोळे उघडले, पाणी मागितलं. गिळत होती. पोटात औषध जायला हवं होतं आणि ते राहायला हवं होतं.

मागे वळून बघितलं तर गायकवाड बशी घेऊन उभे. गोळी तयार होती. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, तिचं लक्ष बशीकडे होतं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिच्या मुलाने मान खाली घातली. आणखी एखादं मिनिट कुणी काही बोललं नसतं तर काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. कदाचित म्हातारीने पोरीला त्यांच्यापुढे केलं असतं. मी बरेचदा त्यावर विचार केलाय. उपयोग काही नाही.

गायकवाडांनी बशी माझ्या हातात दिली. "सिस्टर, तुम्ही द्या."

"तुम्ही—"

"लेकरू बगा आधी."

मी गोळी उचलली आणि पोरीच्या तोंडात घातली. तिने चघळली, गिळली. मागे गायकवाड हळू आवाजात मोजत होते. सातला थांबले. अर्ध्या तासात ती ओकली नाही. एसटीने तिला उदगीरला नेलं, तिथं सलाईन लागलं, पाच दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी दवाखान्याच्या ओट्यावर उड्या मारत होती. पारूआजी माझ्यासाठी पदरात बांधून दोन कांदे घेऊन आली. दुष्काळात दोन कांदे म्हणजे थोडं नव्हे.

"शिष्टर, तुझ्या हाताला लई गोडी हाय गं."

मी गायकवाडांच्या खिडकीकडे बघितलं. ते पुडीचा कागद फाडत होते.

मग तीच रीत पडली. ते आत कुडापलीकडे कुटायचे, मी बाहेर द्यायचे. गावाने त्याला 'शिष्टरचा लाडू' नाव दिलं. आजूबाजूच्या वस्त्यांवरून बाया लेकरं घेऊन यायच्या आणि विचारायच्या, शिष्टरचा लाडू हाय का आज? कुडापलीकडून खलबत्त्याचा आवाज सगळ्यांना येत होता. कुणाला ऐकू येत नव्हता असं नाही.

मी त्यांच्याशी भांडलेही. "तुम्ही गप्प का बसता? सांगून टाका."

"सांगून काय व्हईल? लाडू बंद व्हईल."

"मग मी सांगते."

"सांगा की."

मी सांगितलं नाही. काम होतं, रांग होती, लेकरं औषध घेत होती, आकडे चांगले दिसत होते. मी कामाची बाई आहे, चालू असलेली गोष्ट मोडत नाही. त्यांचा मात्र दुसऱ्याच गोष्टींवर राग निघायचा. ब्लेड बोथट आहे, शिपायाने मीठ ओलं ठेवलं, मी लाडू देताना लेकरांशी बोलते आणि मोजायला विसरते. एकदा चहा पिता पिता शिपायाला ओरडले, साखर टाकायला विसरलास म्हणून. साखर होती. मी त्याच किटलीतला प्यायले होते. रोज ती पूड चाखून चाखून त्यांच्या जिभेला काय झालं होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "काका, आता चाखणं बंद करा." तर म्हणाले, "मंग तुम्ही चाखा." मी चाखलं नाही.

टंचाईची पाहणी करायला नव्या जिल्ह्यातून मोठे साहेब आले, तेव्हाची गोष्ट. जीप, मागे आणखी एक जीप, गावातली पुढारी माणसं, पारूआजीचा मुलगा. साहेब तरुण होते, चौकस होते. माझ्या टेबलावरची बशी बघून त्यांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं. दाखवायला म्हणून औषध न घालता केलेली एक मी पुढे केली, ती त्यांनी खाल्ली. "अरे वा! सगळ्या केंद्रांना शिकवायला पाहिजे हे. कोण करतं?"

खोलीत पंधरा माणसं होती. गायकवाड त्यांच्या पाटीखाली उभे होते, हातात बत्ता तसाच. पाटीवर लिहिलेलं होतं. साहेबांना वाचता येत होतं, पण त्यांची पाठ होती तिकडे. मला एक नाव घ्यायचं होतं. पारूआजीचा मुलगा माझ्याकडेच बघत होता.

"इथं आम्ही सगळेच मिळून करतो, सर," मी म्हटलं.

साहेबांना ते फार आवडलं. त्यांनी वहीत लिहूनही घेतलं. जीप गेली, धूळ बसली. गायकवाड बत्ता धूत होते. मी पुड्यांचे कागद उगाच सारखे करत उभी राहिले.

"सगळेच म्हंजे," ते म्हणाले, "शिपाई बी का?"

"काका, तेव्हा—"

"न्हाई, निस्तं विचारून राहिलो. शिपायानं मीठ ओलं ठिवलं, ते बी त्याचं करनंच."

त्यानंतर त्यांनी बदली मागून घेतली. बिलोलीकडे सासुरवाडी होती, ते कारण लिहिलं. जाण्याआधी त्यांनी मला लाडू शिकवला. मी इतके महिने तो वाटला होता, केला एकदाही नव्हता. त्यांनी मला समोर बसवलं, शेंगदाणे भाजायला लावले, कुटायला लावले. माझा हात दुखायला लागला.

"तेल सुटलं का?"

"सुटलं."

"न्हाई सुटलं. कुटा."

शेवटी झाला. त्यांनी मलाच चाखायला लावला. तीनला तोंड कडू झालं. मी दुसरा केला. चार.

"व्हईल हळूहळू," ते म्हणाले, पण त्यांना ते खरं वाटत नव्हतं, मलाही नाही. एसटी आली. त्यांनी ट्रंक वर चढवली, खलबत्ता पिशवीत घालून मांडीवर घेतला. तो त्यांचा स्वतःचा होता हे मला तेव्हा कळलं. पाटी तेवढी त्यांनी भिंतीवरच ठेवली.

महिन्याभरात बाया कुरकुर करायला लागल्या. लेकरं थुंकत होती. एक दिवस पारूआजीच आली, धाकट्या नातवाला घेऊन. त्याने माझा लाडू माझ्याच टेबलावर थुंकला.

"शिष्टर, तुझ्या हाताला काय झालं गं? आधीची गोडी न्हाई राहिली."

मी त्या दिवशी दमले होते, चिडले होते. म्हटलं, "आजी, ती माझ्या हाताची नव्हतीच. गायकवाड करायचे. पहिल्यापासून. गोदीला दिला तोही."

म्हातारी नातवाचं तोंड पदराने पुसत राहिली. "म्हाईत होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "अन् आता तो गेल्यावर कामून सांगून राहिलीस?"

माणूस गेल्यावर खरं बोलायला काहीच लागत नाही. पुढच्या महिन्यात बाटल्यांतलं गोड औषध आलं आणि लाडवाचा विषयच संपला.

बारा-तेरा वर्षांनी ते मला नांदेडला भेटले. माझं लग्न होऊन मी तिकडे बदलून आले होते. ते डोळे दाखवायला आमच्या दवाखान्यात आलेले, रांगेत बसून समोरच्या पोराला सांगत होते, "फार्मासिस्ट म्हन, कंपाउंडर न्हाई." मी त्यांना ऑटोत घालून घरी आणलं. बाहेरच्या खोलीत सासूबाई कॉटवर बसलेल्या. माझी चार वर्षांची मीनू तापलेली, घसा सुजलेला. तिला औषध द्यायची वेळ झाली होती.

मी चहा ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "कुठले गायकवाड?"

ते माझ्याकडे बघायला लागले. आधी कधी बघायचे नाहीत, स्वतःच उत्तर द्यायचे.

"बिलोलीकडचे आता, मूळचे भीमनगरचे," मी म्हटलं. "आमच्या दवाखान्यात औषधनिर्माता होते. मी सांगते ना, लेकरांना शेंगदाण्यातून औषध द्यायचे, ते हे. मी नुसतं वाटायचे."

सासूबाई "बरं" म्हणाल्या आणि पाय वर घेऊन बसल्या.

मीनूची बाटली स्ट्रॉबेरीच्या वासाची होती. मी माप भरलं आणि काय वाटलं कोण जाणे, त्यांच्या हातात दिलं. "तुम्हीच द्या."

त्यांनी माप दोन्ही हातांनी धरलं. मीनूसमोर उकिडवे बसले. "आ कर बाई." तिने केला. ते मोजू लागले. "एक. दोन. ती—" मीनूने सगळं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर थुंकलं.

मला इतका संताप आला की मी तिच्यावर हात उगारला. त्यांनी तो अडवला. शर्टाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "तीन," ते म्हणाले. "एवढा वास लावला अन् तीनलाच. ह्यांना कळत कसं न्हाई?" मग उठले. "सिस्टर, घरात शेंगदाने हायत का?"

ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याशी थांबले. सासूबाई कॉटवरून म्हणाल्या, "बाहेरच आणून दे की गं त्यांना काय लागतं ते."

"आत या काका," मी म्हटलं. "खलबत्ता ओट्याखाली आहे, जरा जड आहे. गूळ वरच्या फळीवर. मीठ तुम्हीच बघा, ओलं असेल."

ते आत गेले. बाहेर मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि बत्त्याचा आवाज येत होता, बराच वेळ, तेल सुटेपर्यंत. बाटलीतलं मापभर औषध त्यात कालवून गोळी झाली तेव्हा त्यांनी मलाच चाखायला लावली. "माझं काही खरं न्हाई आता," जिभेला बोट लावून म्हणाले. मी चाखली. सात. मीनूनेही मोजून सातला गिळली आणि म्हणाली, "अजून दे."

"न्हाई. गोड केलं की कुलूप." त्यांनी खलबत्ता धुतला, पालथा घातला, ओट्यावरचं पाणी फडक्याने पुसलं. जिन्यातून उतरताना एका हाताने कठडा धरून होते, शर्टावर तो गुलाबी डाग तसाच. ऑटोत बसल्यावर वर गॅलरीत मीनूला बोटं दाखवली, सात. दोन्ही हात वर करावे लागतात त्याला. पुन्हा मला ते दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई तो खलबत्ता चिंच आणि राख लावून घासत होत्या. मी त्यांच्या हातातून तो घेतला, तसाच ओला, आणि मीनूच्या औषधासाठी शेंगदाणे कुटायला बसले. खूप कुटलं. गोळी केली, तिच्या तोंडात घातली.

"तीन," मीनू म्हणाली आणि थुंकली.

मी पुन्हा शेंगदाणे घेतले.